ह्या वेळी खरोखर छातीत

८ जानेवारी, सोमवार

परत तेच झालं. फोमचा गठ्ठा खांद्यावर घेऊन कारखान्याचा जिना चढत होतो. वरच्या चार पायऱ्या राहिल्या आणि छातीवर कुणीतरी येऊन बसलं. जड. उठायचं नाव नाही. गठ्ठा तिथेच टाकला आणि त्याच्यावर टेकलो. मालक खालून म्हणाले, "सोफा गिऱ्हाइकाचा आहे, तुझा नाही." हसून दाखवलं. थोड्या वेळाने मोकळं झालं.

कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

९ जानेवारी

का सांगणार नाही ते इथे लिहितो. वहीला कुणी दवाखान्यात नेत नाही.

बावीस वर्षांचा असताना माझ्या छातीत यंत्र होतं. म्हणजे नव्हतं – पण होतं. वरच्या मजल्यावरची माणसं ते चालवायची, आणि मी मनात काय म्हणतो ते त्यांना कळायचं. आमच्या तेव्हाच्या बैठ्या घराला वरचा मजलाच नाही, हे ताई मला रोज समजावायची. एके दिवशी दाढीचं ब्लेड घेऊन ते यंत्र काढायला बसलो. ताईने हात धरला. तिच्या तळव्यावर अजून वण आहे, माझ्या छातीवरही. मग वॉर्ड. इंजेक्शनं. मग वर्षभर एकाच खुर्चीत. मग ही गोळी, आणि वरचे गप्प झाले. स्किझोफ्रेनिया हा शब्द मला न अडखळता म्हणता यायला फार वर्षं गेली.

त्याला आता सत्तावीस वर्षं होतील. ताई आणि दाजींनी मला आपल्या घरात ठेवून घेतलं, कामाला लावलं, माणसात आणलं. आणि आता मी ताईसमोर उभा राहून म्हणू – ताई, छातीत काहीतरी आहे?

११ जानेवारी

आज नाही दुखलं. जिना चढलोच नाही. दिवसभर खाली बसून जुन्या खुर्च्यांचे खिळे उपसले.

१३ जानेवारी, शनिवार

खरं लिहायचं तर माझं मलाच ठाऊक नव्हतं. हे दुखणं आहे, की वरचे परत आलेत? तेव्हाही मला सगळं शंभर टक्के खरंच वाटत होतं. वेड आतून वेडासारखं दिसत नाही, हीच तर त्याची मेख.

म्हणून आज परीक्षा घेतली. सगळे जेवायला गेल्यावर रिकाम्या हाताने जिना चढलो – आलं. बसलो – गेलं. सावकाश चढलो – उशिरा आलं, पण आलं. मग स्टुलावर बसून मुद्दाम यंत्राची आठवण काढली, वरच्यांची काढली, वॉर्डाची काढली. चांगला घामाघूम होईपर्यंत घाबरून पाहिलं. छातीत काही नाही. परत जिना – आलं, आणि ह्या खेपेला डाव्या जबड्यातसुद्धा.

ते यंत्र जेवताना चालायचं, झोपेत चालायचं. त्याला पायऱ्या लागत नव्हत्या. वेडाला जिन्याशी काय देणंघेणं?

म्हणजे हे दुसरंच काही आहे. फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की ह्यात बरं वाटण्यासारखं काहीच नाही.

१४ जानेवारी, रविवार

दाजींना सांगितलं. ताई बाजारात गेली होती, दाजी वाटाणे सोलत होते.

"दाजी, छातीत दुखतंय."

त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. उभा जन्म लोकांना मोटार शिकवण्यात गेला. काही आडवं आलं की अजून ब्रेक शोधतात.

"छातीत म्हणजे... ते?"

"ते नाही."

"कशावरून?"

जिन्याचं सगळं सांगितलं. त्यांनी वाटाणे बाजूला ठेवले, चपला घातल्या. म्हणाले, "चला मेहुणेबुवा, मला दाखवा."

कारखाना बंद होता म्हणून समोरच्या इमारतीचा जिना धरला. तिसऱ्या मजल्यावर मी बसलोच. तोंड पांढरं पडलं असणार, कारण दाजींनी स्वतःच्या रुमालाने माझं कपाळ पुसलं. एक बाई दाराचं कुलूप काढत होत्या. कोण पाहिजे, म्हणाल्या. दाजी म्हणाले, "कुणी नको. दुखतंय का बघायला आलो होतो."

खाली उतरल्यावर म्हणाले, "हे खरं आहे रे."

एवढ्याने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं काय कारण होतं? आलं खरं.

१६ जानेवारी

दाजी मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर. चांगला होता. आधी माझ्याशी नीट बोलला, छातीला तारा लावून पट्टी काढली. मग कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं. मी नाव सांगितलं. त्यानंतर तो फक्त दाजींशी बोलला. मी तिथेच पलंगावर, शर्टाची बटणं उघडी.

"ह्यांना आधीही छातीबद्दल भास व्हायचे का?"

"व्हायचे, पण –"

"पट्टी ठीक आहे. मनाचं असेल. घरात काही ताण?"

"आता सुरू झालाय," दाजी म्हणाले.

पित्ताची गोळी देऊन पाठवून दिलं.

दाजींच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत ताईला कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. नंतर मी न्हाणीघरात गेलो तर फळीवर दाढीचं सामान नव्हतं.



१८ जानेवारी, गुरुवार

आज मनाच्या डॉक्टरीणबाई. ताईनेच नेलं. ह्या बाई गेल्या वर्षीपासून आल्यात. आधीचे डॉक्टर विचारायचे – आवाज? झोप? बरं, पुढचा. ह्या बाई वजनकाट्यावर उभं करतात, पोटाला टेप लावतात. मागच्या खेपेला मला शिंप्याकडे आल्यासारखं वाटलं होतं.

मी बसायच्या आत ताई म्हणाली, "परत सुरू झालंय. छातीचं. गोळी वाढवा."

"आधी त्यांना बोलू दे," बाई म्हणाल्या.

मग मी बोललो. जिना, जबडा, घाम, बसल्यावर जातं ते. मध्ये एकदाही त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. सिगारेटी किती, विचारलं. सांगितल्या. थोड्या कमी करून. त्यांनी नुसतं बघितलं, मग खऱ्या सांगितल्या.

त्या म्हणाल्या, "स्पष्ट बोलते. तुमचा आजार असलेली माणसं इतरांच्या दहा-पंधरा वर्षं आधी जातात. लोकांना वाटतं, वेडापायी जात असतील. पुष्कळशी हृदयाने जातात. सिगारेट, साखर, वाढलेलं वजन – वजनात आमच्या गोळीचाही हात आहे. आणि दुखतंय म्हणून सांगायला गेलं तर कुणी ऐकत नाही."

ताई म्हणाली, "इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"हो. सांगायला पाहिजे होतं."

बाईंनी सबब सांगितली नाही. उठल्या, बाहेरच्या रांगेला 'आलेच' म्हणाल्या आणि आम्हाला घेऊन स्वतः चालत हृदयाच्या विभागात गेल्या. चढावर माझ्यासाठी दोनदा थांबल्या. तिथल्या डॉक्टरांना म्हणाल्या, "हे माझे पेशंट. डोकं शाबूत आहे. छाती बघा."

डोकं शाबूत आहे – हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो.

रक्त पातळ राहायची एक गोळी दिली, आणि दुखलं तर जिभेखाली ठेवायची एक.

२२ जानेवारी

चालत्या पट्ट्यावर चालायची तपासणी. पट्ट्याला हळूहळू चढ येतो. कारखान्याच्या जिन्याइतका झाल्यावर आलंच. ताबडतोब थांबवलं. पट्टी दाखवली – निजून काढली तेव्हा ठीक होती, चालताना बिघडली. ताईला बोट ठेवून दाखवलं. ताईने चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं.

हृदयाचे डॉक्टर बुटके, भरभर बोलणारे, सगळं नळाच्या भाषेत. "नळ तुंबलाय. एखादा असेल, दोन असतील. तार घालून बघू, आणि लागलीच तर जाळी बसवू." मनात मी त्यांचं नाव नळवाले ठेवलं.

जाळी. बसवू. छातीत.

घरी कुणीच जेवलं नाही.

२३ जानेवारी

ताई म्हणते, "त्याच्या छातीत काही बसवायचं नाही. मी बसवू देणार नाही." दाजींचा पाय ब्रेकवर.

२५ जानेवारी, गुरुवार

नळवाल्यांना म्हटलं, बसवायच्या आधी मला ती वस्तू बघायची आहे. ताई शेजारी बसली होती. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या, न बोलावता.

त्यांनी कपाटातून एक नमुना काढून माझ्या तळहातावर ठेवला. बॉलपेनच्या स्प्रिंगहून बारीक. वजनच नाही. आमच्या सोफ्यातल्या स्प्रिंगची पणती शोभेल.

"हिला ऐकू येतं का?" मी विचारलं.

ताईने डोळे मिटून घेतले.

नळवाले हसले नाहीत. "नाही. ऐकू येत नाही, बोलता येत नाही, बॅटरी नाही. नुसती तारेची जाळी. नळ उघडा ठेवते, बाकी काही करत नाही."

"वरून कुणाला चालवता येते?"

"मला स्वतःला येत नाही. एकदा बसवली की माझंही तिच्यापुढे काही चालत नाही."

मी ती बोटांत फिरवून पाहिली. आमच्या धंद्यात स्प्रिंग घेताना दाबून बघतात, तशी थोडी दाबलीही. चांगली आहे.

आणि मला एक कळलं. तेव्हाचं यंत्र मला न विचारता बसवलं होतं. ही माणसं विचारतायत.

हो म्हणालो.

ताई म्हणाली, "तू म्हणतोस तर." पण परत येताना तिने माझी बाही धरून ठेवली होती. रस्ता ओलांडून झाला तरी सोडली नाही.

३० जानेवारी, मंगळवार

झालं. मनगटातून तार घातली. मनगटातून छातीत जाता येतं हे मला माहीतच नव्हतं. जागाच होतो. पडद्यावर माझं हृदय. पाण्यात झाड हलावं तशा काळ्या फांद्या, आणि एका फांदीला मध्येच कुणी चिमटा काढलेला.

नळवाले सगळं सांगत होते – आता तार जाते, आता औषध, गरम वाटेल, आता फुगा. फुगा फुगवला आणि तेच आलं. जड.

"हेच ते," मी म्हणालो. "जिन्यावरचं."

"मग पत्ता बरोबर आहे."

दोन जाळ्या बसल्या. बाहेर आणलं तेव्हा दाजी भिंतीला टेकून उभे होते आणि ताई त्यांना सांगत होती, "पाय सरळ ठेवा, लोक बघतायत."

३१ जानेवारी

सकाळपासून कान देऊन बसलोय. वरचे काही बोलले नाहीत. छाती रिकामी, स्वच्छ झाडलेल्या खोलीसारखी.

६ फेब्रुवारी

सिगारेट बंद. हे लिहायला सोपं आहे.

वॉर्डात असताना गोळी शहाण्यासारखी गिळली की एक सिगारेट मिळायची. म्हणजे ती सवय मला दवाखान्यानेच लावली, आता दवाखानाच सोडवतोय. दोघांचे आभार.

आज ताईवर विनाकारण खेकसलो. भाजीत मीठ कमी आहे म्हणून. मीठ कमी करायलाच सांगितलंय.

१५ फेब्रुवारी

झोप, झोप, झोप. उशी लाळेने भिजते. आज खुर्चीला रेक्झिन ठोकता ठोकता हातात स्टेपल गन धरून डुलकी लागली. मालकांनी गन काढून घेतली आणि घरी पाठवलं. रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी उलगडा केला. सिगारेटचा धूर माझी गोळी खात होता. आता धूर नाही, तर तेवढीच गोळी अंगात जास्त राहते. म्हणून झोप. म्हणून गोळी कमी करायची.

ताई उभीच राहिली. "गोळीला हात लावायचा नाही. नळ उघडलेत, झालं ना? ह्या गोळीवर माझं घर उभं आहे."

बाई म्हणाल्या, "मला कळतंय. म्हणून थोडी थोडी करू. दर आठवड्याला या. तुम्हाला काही वेगळं दिसलं तर वेळ न बघता मला फोन करा." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं! हा प्रश्न ह्या खोलीत ताईला विचारतात, दाजींना विचारतात.

"भीती वाटते," मी म्हणालो. "पण कमी करा."

ताई बसली.

४ मार्च

पाव गोळी कमी करून दोन आठवडे. झोप आवरली. हात हलके. आणि आज दुपारी, घरी असताना – वरून आवाज.

एक पुरुष, एक बाई. शब्द लागत नव्हते, पण रोख कळत होता. रागावलेले. मी पलंगाच्या कडेला बसून राहिलो. जुनं शहाणपण सांगत होतं, कुणाला बोलू नकोस. पण जिन्याचं बोललो नसतो तर काय झालं असतं?

स्वयंपाकघरात गेलो. "ताई, वरून कुणी बोलतंय. तुला येतंय का ऐकू?"

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मान वर करून ऐकत राहिली. किती वेळ कुणास ठाऊक. मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"येतंय," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. कचरा कोणी टाकायचा ह्यावरून जुंपलीय."

दोघांनी उभं राहून अख्खं भांडण ऐकलं. शेवटी बाईचा विजय झाला. ताई ओट्याला धरून हसत होती, हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी तिला असं हसताना कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

२३ मार्च

न्हाणीघरातल्या फळीवर दाढीचं सामान परत आलंय. दाढी केली.

१४ एप्रिल, रविवार

दाजी आणि मी रोज सकाळी तळ्याला फेरी मारतो. दाजी चालतानाही वळणावर हात दाखवतात. वजन उतरतंय, हळू. साखर अजून हट्टी आहे. नळवाले म्हणाले, छान. बाई म्हणाल्या, छान, पण बिस्किटं कमी करा. कुणी सांगितलं त्यांना? दाजींनी.

कारखान्याचा जिना गठ्ठ्यासकट चढतो. वर पोचल्यावर मालक म्हणतात, "आता बसायचं नाटक बंद?"

रात्रीच्या जेवणाला भाचीचा विषय. ताई-दाजींची एकुलती एक, दुसऱ्या शहरात असते, पुढच्या महिन्यात बाळंत व्हायचीय. वाटाघाटी नेहमीच्याच – एकाने जायचं, एकाने माझ्यापाशी थांबायचं. आधी ताई जाईल, मग ती परतली की दाजी. सत्तावीस वर्षं हे असंच. तिच्या लग्नानंतर तिला सासरी पोचवायलासुद्धा दोघं मिळून गेली नाहीत.

मी म्हटलं, मी राहीन एकटा. दोघं एकदम म्हणाली, "बघू."

'बघू' म्हणजे काय ते मला कळतं.

२ मे

पूर्वी मी पुढचं काही ठरवत नसे. आज मालकांना विचारलं, कापायला शिकवाल का. नुसतं ठोकून किती दिवस काढायचे. म्हणाले, ह्या वयात? म्हटलं, अजून बरीच वर्षं आहेत, चौकशी केलीय.

सोमवारपासून कापायला बसतोय.

१९ मे, रविवार

पहाटे जावयाचा फोन. भाचीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. घरात एकच धांदल. ताई पिशवी भरते, दाजींना चष्मा सापडत नाही – कपाळावर होता. मी पळत खाली जाऊन गाडी थांबवली, पिशव्या आत टाकल्या, हात हलवला. वर आलो, चहा केला, गोळ्या घेतल्या, तळ्याला फेरी मारून आलो.

दुपारी ताईचा फोन. मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाक आजीचं, म्हणजे ताईचं. बाळाचं रडणं ऐकवलं. दाजीही मागे रडत होते.

मग ताई बोलता बोलता थांबली. "अगबाई," म्हणाली, "आम्ही दोघंही इकडे आलो. तुझ्यापाशी कुणी थांबलंच नाही. माझ्या लक्षातच आलं नाही रे."

माझ्याही नव्हतं आलं.